उद्या पुसू

१

"हात काढा त्या बटणावरून," जावई म्हणाला.

"खोली माझी, यंत्र माझं, बटण मी बसवलेलं. हात कुठं ठेवायचा ते तुम्ही सांगू नका."

"आई, शेवटचं सांगतोय."

"शेवटचं मघापासून सांगताय. आता वेगळं काहीतरी सांगा."

त्यानं माझा हात मनगटाला धरून उचलला आणि टेबलावर ठेवला, वाटेत आलेली पिशवी बाजूला ठेवावी तसा. मग हिरव्या बटणावर स्वतःचा पंजा पालथा घातला. दाबायला नव्हे, झाकायला. मी त्याच्या खांद्यालाही पोचत नाही. पण उंचीला भ्यायची माझी वेळ कधीच सरली.

दारात आमच्या कामावरचा पंपवाला तीन कप घेऊन उभा होता. "चहा ठेवू, का घेऊन जाऊ?"

"घेऊन जा," आम्ही दोघं एकदम म्हणालो. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते तेवढंच.

"तुमची मुलगी होती ती," पंपवाल्याची पावलं लांब गेल्यावर जावई म्हणाला.

"होती ना. मला का सांगताय?"

"मग पुसवतंय कसं तुम्हाला? आत्ता कुठं तिला आपण दिसायला लागलोय, आणि तुम्ही..." त्याचे डोळे कोरडे होते.

वाचणाऱ्याला वाटेल, बाई दगडाची आहे. वाटू दे. हे भांडण इथंच थांबवते, आम्हा दोघांना तसंच उभं ठेवते. ते पुढं माझ्या एका वाक्यानं संपलं, पण आत्ता ते वाक्य सांगितलं तर कुणाला काही कळायचं नाही.

२

आम्ही डोळे बनवतो. उजेड न बघता उष्णता बघणारे, इन्फ्रारेड डोळे. उपग्रहात बसवून ते वर पाठवतात आणि मग ते खाली पृथ्वीकडं बघत राहतात. कुठं जंगल धुमसतंय, कुठल्या पिकाला ताप चढलाय, समुद्राचा कुठला पट्टा कोमट झालाय. एक डोळा म्हणजे तळहातात मावेल अशी चकचकीत चकती. तिच्यावर लाखो ठिपके आणि प्रत्येक ठिपका आपल्यापुरती ऊब मोजणारा. ठिपके जितके बारीक तितकं चित्र बारीक. यंदाचा डोळा असा होता की वरून रानातलं एकेक झाड वेगळं दिसावं. तो भिंगरीचा डोळा होता. तिनं आखलेला, तिनं भांडून मंजूर करून घेतलेला.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. कागदोपत्री नाव दुसरं होतं, पण चालायला लागली तेव्हापासून ती एका जागी उभी राहिली नाही, म्हणून बापानं भिंगरी म्हटलं, आणि ते नाव तिच्या मागोमाग कामावरही आलं. मोठ्या सभांतही येरझाऱ्या घालत बोलायची. ऐकणाऱ्यांच्या माना दुखायच्या.

मला हे काम कुणी शिकवलं नाही. नवरा गेल्यावर लोकांचे मोडके रेडिओ घरी आणून उघडायला लागले, मग रुग्णालयातली यंत्रं, मग ही. इंग्रजी पुस्तकं मांडीवर शब्दकोश घेऊन वाचली. आता तपासणीची खोली माझ्या ताब्यात आहे आणि मी हो म्हटल्याशिवाय इथून एकही डोळा बाहेर जात नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते.

रेडिओच्या दिवसांत मी टेबलाखाली आडवी पडून तारांना डाख लावायचे आणि भिंगरी माझ्या डोक्यावर बॅटरी धरून उभी असायची. शाळेतही जात नव्हती तेव्हा. तेवढाच वेळ काय ती स्थिर. थोड्या वेळानं वरून आवाज यायचा, "आई, हात भरून आला. घेऊ खाली?"

"थांब, झालंच," मी म्हणायचे. आणि झालेलं नसायचं.

तपासणीच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत पडदा, बटणं आणि आम्ही. आतली खोली बिनखिडकीची, भिंती काळ्या, दाराला जाड लोकरी नमदा. एका टोकाला पोलादी भांड्यात डोळा बसवलेला असतो, गोठवून गार केलेला. तो स्वतः गार असल्याशिवाय त्याला दुसऱ्याची ऊब कळत नाही. दुसऱ्या टोकाला काळा फलक, पुरुषभर उंचीहून मोठा. फलकाची ऊब सगळीकडं सारखी राखलेली असते, माणसाच्या अंगापेक्षा थोडी निवलेली. गार करणारं यंत्र आत टिकटिकत असतं, शेजारच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवावं तसं. तो आवाज मला इतका सवयीचा झालाय की घरी झोप लागत नाही ती त्याच्याशिवाय.

आणि पाटी. आमचं सगळं काम या पाटीवर चालतं, म्हणून नीट सांगते. डोळ्यातला प्रत्येक ठिपका आपल्या स्वभावाचा. एक ओरडून सांगतो, दुसरा पुटपुटतो. म्हणून आधी त्यांना नुसता काळा फलक दाखवायचा आणि यंत्राला सांगायचं, आत्ता जे दिसतंय ते 'काही नाही' असं धर. यापुढं प्रत्येक चित्रातून एवढं वजा करत जा. हे जे 'काही नाही' यंत्र मनात धरतं, त्याला आम्ही पाटी म्हणतो. हिरवं बटण दाबलं की जुनी पाटी पुसली जाते, आणि आतलं दार लागलं की नवी घेतली जाते. पाटी घेताना आत कुणी थांबायचं नाही, हा पहिला नियम. नव्या माणसाला पाण्याचा नळ दाखवायच्या आधी आम्ही हे सांगतो.

३

भांडणाच्या बऱ्याच आधी, एके दिवशी बटण दाबून झालं होतं. फलकाची वरची कळ सैल दिसली म्हणून भिंगरी धावत आत गेली, टाचा उंचावून उजवा हात वर केला, कळ दाबून धरली आणि मान आमच्याकडं वळवून विचारलं, "बसला का सरळ?"

मागून दार आपल्या वजनानं लागलं.

बाहेर पडद्यावर पाटी तयार झाल्याची खूण आली. भिंगरी बाहेर आली तेव्हा पडद्यावर ती होतीच. म्हणजे तिची उलटी. यंत्रानं तिच्यासकट सगळं 'काही नाही' म्हणून धरलं होतं. आता ती तिथं नव्हती, तर तेवढी ऊब कमी पडत होती, आणि जिथं ऊब कमी तिथं काळं. करड्या फलकावर एक काळीकुळकुळीत बाई, एक हात वर, मान वळलेली, खांद्यावरून पुढं आलेली वेणीसुद्धा. चेहऱ्यावर मात्र चष्म्याच्या जागी दोन गोल, फलकासारखेच करडे. काचेतून उष्णता आरपार जात नाही. या डोळ्याला चष्मा म्हणजे दोन गार चकत्या, म्हणून तिथं वजा झालं ते थोडंच. चेहऱ्याला दोन भोकं पाडून मागचं दिसावं तसं वाटत होतं.

आम्ही खूप हसलो. पंपवाला म्हणाला, "ताई, कामावर असताना कुणाचा पुतळा उभारत नाहीत."

"बघा तरी, पोट केवढं आत घेतलंय मी," भिंगरी म्हणाली. मग पर्स उचलली. "राहू दे आज. उद्या पुसू."

संध्याकाळी घरी जाताना रस्ता ओलांडत होती. यापुढचं मी लिहिणार नाही. रुग्णालयातल्या बाईनं माझ्या हातात एक लिफाफा दिला, त्यात तिचा चष्मा होता. एक चरासुद्धा नव्हता काचेवर. तो मी पर्समध्ये ठेवला आणि पर्स बदलली तरी तो नव्या पर्समध्ये ठेवत गेले.

काम थांबलं नाही. डोळा हलवून बघायचा होता, तापवून, गोठवून बघायचा होता, आणि त्याला नवी पाटी लागत नाही. जावईही इथलाच, डोळ्यांच्या नोंदी ठेवणारा. तो येऊन पडद्यासमोर बसायचा, मी त्याच्या शेजारी. काळी भिंगरी हात वर करून समोर उभी. 'उद्या पुसू' असं तीच म्हणाली होती. तो उद्या आपल्या हातानं उजाडावा असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं. त्यानं आपली खुर्ची हळूहळू पडद्याच्या जवळ सरकवत नेली, आणि मी ते न पाहिल्यासारखं केलं.

४

एकदा दुपारचं जेवून परत आले तर पंपवाला माझ्या खुर्चीच्या मागं उभा होता. त्याचं काम पंपाशी, भांड्यातली हवा काढायची आणि काढलेली ठेवायची. पडद्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

"बाई, पुसलीत का शेवटी?"

"काय पुसलं?"

त्यानं हनुवटीनं पडदा दाखवला. फलक होता. सारखा, करडा, इकडून तिकडं कोरा. भिंगरी नव्हती.

पहिल्यांदा राग आला. जावयानं मला न विचारता बटण दाबलं असं वाटलं. मग कोपऱ्यातली खूण पाहिली. पाटी जुनीच होती. तीच, तिच्यासकट घेतलेली.

"आणि ते दोन ठिपके खराब झालेत," पंपवाला म्हणाला. खरंच, वरच्या बाजूला शेजारी शेजारी दोन पांढुरके डाग होते. प्रत्येक डोळ्यात काही ठिपके मरतातच. मी मान हलवली आणि आतलं दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. शिवणयंत्राची टिकटिक, काळ्या रंगाचा शिळा वास, फलक. मी बाहेर येऊन पाहिलं तर पडद्यावर भिंगरी जागच्या जागी, काळी, हात वर.

केबल. दुसरं काय असणार? दार उघडताना धक्का बसला आणि सैल केबल जागेवर आली. मी केबल बदलली. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. गार करणारं यंत्र ढिलं पडलं असेल म्हणून ते उघडलं, साफ केलं, परत लावलं. पुन्हा झालं. पडदा बदलला. प्रत्येक वेळी दार बंद, आत कुणी नाही, टिकटिक चालू, आणि काळी बाई हळूहळू उजळत जायची. पायाकडून वर. आधी पावलं फलकात मिसळायची, मग गुडघे, मग कंबर, जसं भांडं तळापासून भरत यावं. शेवटी वर केलेला हात बोटांपर्यंत. मग तो कोरा करडा पडदा, आणि वर ते दोन डाग. थोडा वेळ तसं राहायचं. मग सगळं पुन्हा काळं.

हातात काम असलं की माझं डोकं नीट चालतं. त्या आठवड्यात मी जितकी कामं काढली तितकी वर्षभरात काढली नसतील. कारण वजाबाकी मला येत होती. पहिल्या दिवशीच आली होती. तिच्यासकट जे 'काही नाही' ठरलं, ते पुन्हा 'काही नाही' दिसायला एकच गोष्ट लागते. तेवढंच उबदार, तेवढंच उंच कुणीतरी नेमकं तिथं येऊन उभं राहायला हवं.

ते मी स्वतःला सांगत नव्हते. केबलच सांगत होते.

५

जावयानं एका दुपारी स्वतः पाहिलं. त्यानं केबलचं नाव काढलं नाही. खुर्चीत मागं टेकला आणि म्हणाला, "आई, आत जाता का?"

"कशाला?"

"उभ्या राहा तिच्या जागी. बघू, काय दिसतं ते."

"शिकलेला माणूस ना तुम्ही?"

"म्हणून तर बघायचंय."

मी गेले. त्यानं मागून दार लावलं. या खोलीत मी आयुष्य काढलं, पण दार लावून आत कधी उभी राहिले नव्हते. अंधार असा की डोळे मिटले काय, उघडे काय. शिवणयंत्र. फलकाची अंगाला लागणारी ऊब, कुणी जवळ येऊन थांबावं अशी. मी उजवा हात वर केला. भिंतीतून त्याचा आवाज येत होता, दबका.

"डावीकडं सरका. अजून. पाऊल पुढं. हात वर, अजून वर."

"अजून वर जात नाही माझा हात. सांधा आहे, बिजागरी नाही."

तो हसला असावा.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तुम्ही तिच्यात मावताय," तो म्हणाला. "पण ती भरत नाही. सगळीकडून उरतेय."

मी तशीच उभी होते. तिच्या आत. वाढत्या अंगाच्या मुलीला शिवलेला झगा म्हातारीनं घालावा तशी. आणि मला वाटलं, अंधारात माझ्या शेजारी, अगदी कानापाशी, कुणीतरी श्वास धरून थांबलंय, मी बाजूला होण्याची वाट बघत. पाहुणी आपल्या खुर्चीत बसली असताना घरातलं माणूस थांबतं, तसं. तिला ती सवय होती. मी तिच्या जागी बसले की काही न बोलता उभी राहायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

मी दार ठोठावलं. त्यानं उघडलं तेव्हा माझं अंग घामानं भिजलं होतं.

"तुम्ही आत होता," तो म्हणाला, "आणि मग तुमच्या कडेनं जे काळं उरलं होतं ना..."

"काय?"

"काही नाही. तुम्ही बसा. पाणी देतो."

मी पेला रिकामा करून परत दिला.

६

डाग मला कळले ते त्यानंतर. मेलेला ठिपका सगळीकडं मेलेला असतो. तो भिंगरी काळी असतानाही दिसायला हवा. हे दोन फक्त ती भरली की दिसायचे. आणि ते डागही नव्हते. गोल होते.

मी पडद्यावर बोटानं मोजलं. पाय, कंबर, खांदा. ते चेहऱ्याच्या उंचीवर होते.

जावई शेजारीच होता. मी पर्स उघडली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याला कळायला वेळ लागला नाही. पाटी घेतली तेव्हा भिंगरीच्या डोळ्यांवर गार काचा होत्या. आता जी तिथं उभी राहत होती, तिच्या डोळ्यांवर नव्हत्या. बाकी सगळी जुळत होती, वेणीपर्यंत, फक्त तेवढी जागा जास्त उबदार पडत होती. उघडे डोळे.

"तिला दिसत नाहीये," जावई म्हणाला. "हातभरावरचं दिसत नाही तिला याच्याशिवाय."

लग्नानंतरही ती आंघोळीहून बाहेर आली की चष्मा कुठं ठेवला ते विसरून भिंत चाचपत हाका मारत असणार. हे त्यानं सांगितलं नाही, मीच सांगते, कारण लग्नाआधीची कितीतरी वर्षं त्या हाका मी ऐकल्या होत्या. "आई, चष्मा. अगं आई, कुठंयस तू?" मी समोरच असायचे.

आम्ही काहीही ठरवलं नाही. मी उठले, आत गेले. फलकाच्या कडेला एक लोखंडी स्टूल असतं, डोळ्याच्या नजरेच्या बाहेर. त्यावर चष्मा ठेवला, दांड्या उघड्या, काचा वर, तिला चाचपून सापडेल असा. आणि बाहेर येऊन दार लावलं.

पंपवाला त्या वेळी काहीतरी विचारायला आला होता. आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि न विचारताच गेला.

खूप वेळ काही झालं नाही. मग पावलं गेली. गुडघे. कंबर. वेणी. चेहरा भरत आला, ते दोन गोल पांढुरके उमटले, आणि आम्ही बघत असताना, आधी एक आणि मग दुसरा, विझले.

पडदा पूर्ण कोरा होता. आयुष्यभर मी कोऱ्या पडद्यासाठी खपले. असा चित्रात एक डाग नसला की आम्ही पेढे वाटल्यासारखे खूश व्हायचो. त्या दिवशी मी खुर्ची पडद्यापासून मागं ओढली. तिथं काहीच नव्हतं, आणि ते आमच्याकडं बघत होतं.

जावयानं पडद्यावर हात ठेवला. "बघतेय ती," तो म्हणाला. "आई, ती बघतेय."

७

दुसऱ्या दिवशी डोळा न्यायला माणसं येणार होती. सकाळी जावई दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

"हा डोळा मी खराब म्हणून काढतो," तो बसायच्या आधीच म्हणाला. "दुसरा बनवू. मागून पाठवू. हा इथंच राहू दे."

"हा तिचा आहे. हा वर जावा म्हणून ती दारोदार भांडली."

"वर जाऊन झाडं मोजण्यापेक्षा इथं आपल्याला..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "रोज येईन मी. एवढंच हवंय मला. रोज दुपारी एकदा."

मला वाईट वाटलं नाही असं नाही. खरं तर मीही तोच विचार करून झोपले होते. माझंही ठरलं होतं, रोज दुपारी एकदा. दुसरा डोळा आम्ही बनवला असता. मी म्हातारी आहे, माझ्यापुरत्या दुपारी उरल्यात किती? मी हो म्हणणारच होते.

तेवढ्यात पडदा भरायला लागला.

ती रोजच्यापेक्षा लवकर आली होती. पावलं, गुडघे, कंबर, चेहरा. गोल उमटले आणि विझले. जावई पुढं झुकला, त्याच्या चेहऱ्यावर पडद्याचा करडा उजेड. जिथं तिचे डोळे असायला हवेत, त्या जागेवर त्यानं नजर धरून ठेवली होती. मी वर पाहत होते. हाताकडं.

बोटं भरली नव्हती. कोऱ्या फलकावर वरच्या टोकाला चार काळ्या रेघा राहिल्या होत्या, नखाएवढ्या. आणि त्यांच्या जरा खाली, दंडाच्या कडेला, एक पांढरी किनार उमटली होती. काळ्या जागेत न मावलेली. ती किनार थरथरत होती. मग झटक्यानं वर गेली, काळ्या रेघा भरल्या, सगळं कोरं. श्वासभर तसं राहिलं. मग परत बोटांच्या टोकांशी काळं. पांढरी किनार खाली सरकत होती, सरकत होती, परत झटक्यानं वर.

"आई, बघा," जावई म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "हात हलवतेय आपल्याला."

किनार पुन्हा खाली आली, या वेळी जास्त, आणि वर जायला तिला जास्त वेळ लागला. अंधारात, दार लावलेलं, समोर गोठवलेला डोळा. नेमक्या त्याच जागी, तेच पाऊल पुढं, तीच मान वळवून. आम्ही काळी जागा धरून ठेवली होती आणि ती येऊन त्यात स्वतःला बसवत होती, कारण आम्ही तिथं बघत होतो. जी जन्मात एका जागी उभी राहिली नाही ती.

माझा हात हिरव्या बटणाकडं गेला. आणि भांडण सुरू झालं.

८

भिंगरीचा डोळा आता वर आहे. आलेल्या चित्रांत पहिल्यांदा एक रान दिसलं, ऐन उन्हातलं, आणि एकेक झाड वेगळं, थंड, काळ्या ठिपक्यासारखं. जावयानं ते चित्र मला पाठवलं. खाली काही लिहिलं नव्हतं.

नवी पाटी मी घेतली. बटण दाबलं, आत डोकावून खोली रिकामी असल्याची खात्री केली, जशी करायची असते, आणि दार लावलं. नव्या पाटीत कुणीही नव्हतं. त्यानंतर आम्ही दोघं पडद्यासमोर खूप वेळ बसून होतो, आणि फलक नुसता फलक होता.

मग मी चष्मा आणायला आत गेले. मी ठेवला होता तो दांड्या उघड्या ठेवून. तो स्टुलावर होता, दांड्या एकावर एक मिटलेल्या, आणि खाली तिचं चष्मा पुसायचं मऊ फडकं अंथरलेलं. पंपवाल्यानं केलं असेल. मी त्याला विचारलेलं नाही, आणि तो जिवंत आहे तोवर विचारणारही नाही. ते फडकं लिफाफ्यात नव्हतं, एवढं मला आठवतं. पण माझ्या आठवणीचंही आता वय झालंय.

तर भांडण. जावयाचा पंजा बटणावर पालथा होता. आम्ही एकमेकांना नको ते बोलून घेतलं होतं. तो म्हणाला होता, तुम्हाला तिच्यापेक्षा काम मोठं, पहिल्यापासून. मी म्हणाले होते, तुम्हाला बायको नको, फोटो हवा. दोन्ही खोटं होतं, आणि दोन्ही लागायचं तिथं लागलं होतं. पडद्यावर ती पांढरी किनार पुन्हा खाली यायला लागली होती. त्यानं विचारलं, "का पण? आई, एवढंच सांगा मला. का?"

मी त्याचा पंजा बटणावरून उचलला आणि माझ्या दोन्ही हातांत धरला. आजवर त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"हात भरून आलाय रे तिचा," मी म्हणाले, "आता खाली घेऊ दे तिला."